उंबऱ्याचा आकडा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'रोजच्या जगण्यात हवे असलेले शोध' हा विषय संयोजकांनी माझ्या गळ्यात घातला, कारण मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मी आधी आपल्या ग्रुपवर विचारलं, तुम्हाला कोणता शोध हवाय? उत्तरं भराभर आली. सातारा स्टँडवर उभं असताना आपली एसटी नेमकी कुठवर आलीय, ते सांगणारा फलक. सिलिंडर हलवून न बघता गॅस किती दिवस पुरेल, ते कळावं. एकाला गणिताच्या बाईंचा मूड तास सुरू होण्याआधी सांगणारं यंत्र हवं होतं. बाई समोरच बसल्यात, त्यामुळे नाव सांगत नाही.

मला हवा असलेला शोध साधा आहे. पुराचा इशारा मला फुटांत नको, पायरीत हवा.

सांगलीकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. आमच्याकडे १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. तिथली पाणीपातळी म्हणजे अख्ख्या शहराची नाडी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पावसाळ्यात मोबाईलवर दर तासाला आकडे येतात. आयर्विन इतके फूट, कोयनेतून इतके क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. आकडे खरे असतात, पण माझ्या आईचा प्रश्न वेगळाच असतो. 'पाणी आपल्या उंबऱ्याला कधी लागंल?'

ऑगस्ट २०१९ मध्ये आई आणि अण्णा गावभागातल्या घरी होते. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर आहे, उंबऱ्यापासून दोन फूट वर. अण्णांनी फोनवर विचारलं, 'काय करू? सगळं माळ्यावर चढवू?' मी पुण्यात स्क्रीनसमोर बसून ऐटीत म्हणाले, 'अण्णा, चार फुटांवरच्या फळीवर ठेवा. खुणेच्या वर दोन फूट मिळतात, भरपूर झाले.' अण्णांनी ऐकलं. इंजिनिअर मुलीचा शब्द.

पाणी आयर्विनला ५७ फुटांच्या पुढे गेलं. आई-अण्णांना शेजारच्या पोरांनी वेळेत हलवलं होतं, हे नशीब. घरात मात्र जवळजवळ सहा फूट पाणी होतं. आईचं शिलाई मशीन गेलं, अण्णांच्या चाळीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्या गेल्या. आपल्या दहावीच्या वर्गाचा फोटो चिखलातून काढला, तेव्हा त्यात एकही चेहरा उरला नव्हता.

चूक कुठे झाली ते नंतर कागदावर मांडलं. २००५ साली आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी होतं आणि आमच्या घरात दोन फूट. म्हणजे आमचा उंबरा अंदाजे साडेएक्कावन्न फुटांवर. बाई, तुम्ही शिकवलेली साधी वजाबाकी! ती आधी केली असती, तर चार फुटांची फळी साडेपंचावन्न फुटांना बुडणार, हे दिसलं असतं. आयर्विनला ४८ फूट असताना घर कोरडं होतं, माळा रिकामा होता आणि पाणी चढतच होतं. मी जुन्या खुणेला शेवटची रेघ समजले. त्यानंतर बरेच दिवस अण्णांनी मला 'तू काय म्हणतीस?' असं विचारलं नाही. ते मशीनपेक्षा जास्त लागलं.

आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याआधी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. नांगर घडवणं हे अर्धंच काम होतं. तो शेतकऱ्याला आपला वाटणं, हे उरलेलं अर्धं. आयर्विनचा आकडाही तसाच आहे. मोजण्याचं काम झालेलं आहे, तो आईच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायचं राहिलंय. फोन वाजावा आणि मराठीत आवाज यावा, 'काकू, पाणी दोन पायऱ्या खाली आहे आणि चढतंय. सामान वर घ्या.' हाच मला हवा असलेला शोध.

तो होईल तेव्हा होईल. तोवर तीन कामं आपल्या हातात आहेत. ज्यांच्या घरात २००५, २०१९ किंवा २०२१ ला पाणी आलं, त्यांनी घरातली खूण मोजा, त्या वेळच्या आयर्विनच्या पातळीतून वजा करा आणि उंबऱ्याचा आकडा दारामागे रंगानं लिहा. हा अंदाज आहे, त्यामुळे निघताना आकड्याची वाट बघू नका. दुसरं, कराड-साताऱ्याच्या मंडळींनो, कोयना आणि कृष्णा प्रीतिसंगमावर भेटतात आणि तेच पाणी पुढे आमच्याकडे येतं. तुमच्याकडे नदी फुगली की ग्रुपवर फॉरवर्ड नको, फोन करा. आणि तिसरं, ज्यांचे आई-वडील नदीकाठी एकटे राहतात, त्यांची यादी आज जेवणाआधी करूया. वही मी आणली आहे.

गेल्या पावसाळ्याआधी अण्णांनी आमच्या दारामागे '५१॥' असं लाल रंगात लिहिलं. मग फोन करून विचारलं, 'बरोबर आहे का गं? तू काय म्हणतीस?'

मी म्हणाले, 'अण्णा, बरोबर आहे. पण सामान माळ्यावरच ठेवा.'

आणि हो, वर्गाचा तो फोटो कुणाकडे असेल, तर मला एक प्रत हवी आहे.