ऑयलरचा अंदाज चुकला, एआयचं उत्तर कोण तपासणार?

मी वर्ध्याहून बोलतोय. आजचा विषय आहे एआयची गणिताची परीक्षा. बारावीची नाही, जेईईची पण नाही. गणितज्ञ ज्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं घालवतात, त्या प्रश्नांची.

सुरुवात शेजारच्या नागपूरपासून करू. शरदचंद्र श्रीखंडे तिथल्या सायन्स कॉलेजात शिकले, पुढे नागपुरातच शिकवलंही. आता कोडं ऐका. सहा रेजिमेंट, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी. या 36 जणांना 6 बाय 6 च्या चौकोनात असं उभं करा, की प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक रेजिमेंट आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. ऑयलरने 1782 मध्ये अंदाज मांडला, की 6, 10, 14, 18 अशा आकारांना हे जमणारच नाही. 6 बद्दल तो बरोबर निघाला. पण 1959 मध्ये आर. सी. बोस, श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर यांनी दाखवून दिलं, की 10 पासून पुढे सगळीकडे जमतं! 177 वर्षांचा अंदाज कोसळला. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली.

आता हेच एआयला विचारा. झटकन सांगेल. पण ही परीक्षा झाली का? नाही. उत्तर त्याने आधीच वाचलेलं आहे, म्हणजे पेपर फुटलेला आहे.

म्हणून एपॉक एआय या संस्थेने नोव्हेंबर 2024 मध्ये फ्रंटियरमॅथ आणलं. साठाहून जास्त गणितज्ञांकडून नवे, कुठेही न छापलेले प्रश्न बनवून घेतले. तेव्हाच्या सगळ्यात चांगल्या मॉडेल्सना दोन टक्केही सुटले नाहीत. पुढच्याच महिन्यात ओपनएआयने ओ-थ्रीसाठी पंचवीस टक्क्यांच्या आसपासचा आकडा सांगितला. नंतर कळलं, की या प्रश्नसंचाला पैसा ओपनएआयचाच होता आणि बरेचसे प्रश्न त्यांच्याकडे होते. त्यांनी ते ट्रेनिंगला वापरले नाहीत असं सांगितलं. तरी, पेपर कोणाच्या कपाटात आहे, हा प्रश्न मार्कांइतकाच महत्त्वाचा ना!

दुसरी अडचण तपासणीची. 10 बाय 10 चे असे दोन चौकोन जुळतात. एकमेकांशी जुळणारे तीन असतात का? हे आजही कोणालाच माहीत नाही. समजा, एआयने तीन चौकोन दिले. वीस-तीस ओळींचा पायथन प्रोग्राम मोबाईलवर चालवा, क्षणात खरं-खोटं कळेल. पण ते म्हणालं, ‘तीन असूच शकत नाहीत, ही घ्या पन्नास पानांची सिद्धता’, तर? भाषा सफाईदार असेल. एखादी पायरी पोकळ आहे का, हे ओळखायला गणित येणारं माणूसच लागेल.

म्हणून कोणी म्हणालं, ‘आता एआय आहे, गणित कशाला शिकायचं?’, तर त्याला एवढंच विचारा: ऑयलरसारख्याचा अंदाज तपासायला श्रीखंडे होते. एआयचं उत्तर तपासायला कोण बसणार? वर्ध्यातून एखादं पोरगं-पोरगी बसली, तर मला लई आनंद होईल.

भेटू पुढच्या भागात!