परक्या मैदानाचा प्रेक्षक



रत्नागिरीत भरलेल्या क्रीडालेखकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी लगेच विषयाकडे वळतो. कारण जो विषय गेली कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून बसला आहे तो रत्नागिरीपासून वरवर पाहता फार दूरचा आहे, आणि त्याचा आपल्याशी असलेला संबंध उलगडून दाखविण्यास मला थोडा अवसर लागणार आहे. इंग्लंडमधील फुटबॉलला दूरचित्रवाणीच्या द्वारे अमेरिकेत जो प्रेक्षकवर्ग लाभला, तो कसा लाभला, हा तो विषय होय. परक्या देशाच्या मैदानावर, परक्या गावांच्या नावाने खेळला जाणारा खेळ एखाद्या समाजाने आपलासा करावा, आणि तोही स्वतःचे बलाढ्य खेळ घरात असताना करावा, ही घटना क्रीडाविषयक लेखन करणाऱ्या कोणालाही विचार करावयास लावील अशी आहे.

अमेरिकेला फुटबॉलचे वावडे होते असे जे सरसकट बोलले जाते ते जुने दफ्तर तपासले असता टिकत नाही. 1975 साली पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात दाखल झाला, त्याच्या नावावर तेथील प्रचंड क्रीडागारे भरली, आणि त्याच संघासह 1977 च्या सप्टेंबरात तो कलकत्त्यास ईडन गार्डनवर मोहन बागानविरुद्ध उतरला तेव्हा आपल्याकडेही तेच भारावलेपण दिसले. परंतु कॉसमॉस ज्या साखळी स्पर्धेत खेळत असे ती 1984 च्या हंगामानंतर बंद पडली. पुढे 1994 ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेतच भरली व पॅसाडेना येथील अंतिम सामन्यास 94,194 लोक हजर राहिले. म्हणजे जत्रा भरली की माणसे लोटत होती, आणि जत्रा उठली की आपापल्या घरी जात होती. उणीव होती ती वारकऱ्याच्या नेमाची. आणि नेम हा जत्रेने लागत नाही.

हा नेम लावण्याचे श्रेय मी 2013 साली झालेल्या एका कराराला देतो. त्यापूर्वी इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने अमेरिकेत दिसत नव्हते असे नाही. फॉक्स आणि ईएसपीएन या संस्था ते दाखवीत असत, पण ते कधी या वाहिनीवर, कधी त्या वाहिनीवर असे विखुरलेले असत. 2013 च्या ऑगस्टपासून एनबीसी या संस्थेने सुमारे पंचवीस कोटी डॉलर देऊन तीन वर्षांचा इजारा घेतला आणि हंगामातील एकूण एक, म्हणजे 380 च्या 380 सामने दाखविण्याचा बंदोबस्त केला. दोनच वर्षांनी पुढील सहा वर्षांच्या मुदतीसाठी तिने सुमारे शंभर कोटी डॉलर मोजले, आणि 2021 मध्ये आणखी सहा वर्षांसाठी सुमारे दोनशे सत्तर कोटी. व्यापारी माणूस प्रेमापोटी असे आकडे लिहून देत नसतो. प्रेक्षक वाढल्याचा याहून भक्कम दाखला मागण्याचे कारण नाही.

लंडनमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कमध्ये सकाळी साडेसातला आणि कॅलिफोर्नियात पहाटे साडेचारला सुरू होतो. ही गैरसोय म्हणून सोडून देता आली असती. परंतु त्या वेळी पडद्यावर दुसरा कोणताही मोठा खेळ नसतो, हे हेरून ती सकाळच एनबीसीच्या लोकांनी फुटबॉलच्या नावे लिहून दिली, आणि पहाटेच्या अंधारात अंगावर आपल्या संघाचा सदरा चढवून उपाहारगृहांत जमणारी मंडळी शहरोशहरी दिसू लागली. हंगामाच्या अखेरच्या रविवारी एकाच क्षणी सुरू होणारे दहाही सामने दहा निरनिराळ्या वाहिन्यांवर दाखविण्याची त्यांची योजना मला विशेष वाखाणण्यासारखी वाटते. त्या दिवशी विजेतेपदाइतकीच तळाच्या तीन संघांची धडपड पाहण्याजोगी असते. कारण तळाचे तिघे खालच्या श्रेणीत उतरविले जातात, आणि ज्या देशातील प्रमुख साखळी स्पर्धांत शेवटचा आलेला संघही पुढच्या वर्षी निर्धास्तपणे तेथेच खेळतो, त्या देशाच्या प्रेक्षकाला एखाद्या लहान गावाच्या त्या दिवसाच्या जीवघेण्या काळजीची ओळख करून देणे हे मुळीच सोपे काम नव्हते.

येथे माझ्या मुख्य प्रतिपादनाकडे येतो. अमेरिकी उद्योगपतींनी मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल यांसारखे संघ विकत घेतले, टिम हॉवर्ड व क्लिंट डेम्प्सी यांच्यासारखे अमेरिकी खेळाडू तेथे चमकले, ही कारणे आहेतच. पण माझ्या मते निर्णायक ठरली ती समजावून सांगणारी वाणी. एनबीसीने अमेरिकी प्रेक्षकाला अडाणी समजून खेळाला उसना अमेरिकी पेहराव चढविला नाही. रेबेका लो ही इंग्लंडची निवेदिका आणली, आर्लो व्हाइट हा धावते वर्णन करणारा इंग्लंडच्या मैदानावरून बोलू लागला, आणि ज्याला ऑफसाइड कळत नाही त्याला कमी न लेखता, व ज्याला कळते त्याला कंटाळा न आणता, आठवड्यामागून आठवडे खेळ उलगडून दाखविला गेला. प्रेक्षक जन्माला येत नाही. कोणीतरी त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच गतीने, त्याला खेळ दाखवावा लागतो.

या कामाची परंपरा जुनी आहे. 22 जानेवारी 1927 रोजी बीबीसीने आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा सामना नभोवाणीवरून प्रथम ऐकविला, तेव्हा तत्पूर्वी आपल्या साप्ताहिकात मैदानाचा एक नकाशा छापला होता. त्यावर आठ चौकोन आखून त्यांना अंक दिले होते, आणि एक जण खेळाचे वर्णन करीत असता दुसरा केवळ चौकोनाचा अंक पुकारीत असे. घरी बसलेल्या श्रोत्याने नकाशा मांडीवर घ्यावा आणि चेंडू कोठे आहे ते बोटाने पाहत जावे, अशी ती योजना. त्या नकाशाचा विचार मनात आला की मला धन्यता वाटते. दिसत नसलेल्या माणसाला दिसावे म्हणून केवढी ही कळकळ!

आता आपल्याकडे या. येथे रत्नागिरीत थंडीच्या दिवसांत शनिवारचे इंग्लिश सामने संध्याकाळी सहा, रात्री साडेआठ आणि अकरा अशा वेळांना सुरू होतात. साडेआठची वेळ ही घरोघरी मालिकांची. त्यामुळे माजघरातील मोठा पडदा आजी व आई यांच्याकडे, आणि ओटीवर भिंतीला टेकून बसलेला नातू हातातल्या लहानशा पडद्यावर डोळे लावून, अशी वाटणी मी येथील अनेक घरांत पाहिली आहे. या सामन्यांबाबतची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या काळात कोणताही सामना थेट दाखविण्यास मनाई आहे. लोक घरी बसून मोठ्या संघांचे सामने पाहू लागले तर लहान गावांची मैदाने ओस पडतील, या भयाने 1960 च्या सुमारास हा निर्बंध आला आणि तो अद्याप चालू आहे. म्हणजे दुपारी तीनचा जो सामना बर्नलीचा गृहस्थ आपल्या घरी पाहू शकत नाही, तो रत्नागिरीचा मुलगा पाहू शकतो. योगायोग असा की इंग्लंडचा हंगाम ऑगस्टात सुरू होऊन मे महिन्यात संपतो, आणि आपल्या किनाऱ्यावरील मासेमारीची बंदीही जून-जुलैची. मिरकरवाड्याच्या बंदरातील नौका समुद्रात लोटल्या जातात त्याच सुमारास तिकडे चेंडू मैदानात येतो, हे तेथील तरुणांनीच मला हौसेने सांगितले.

इंग्लंडमधील तो शनिवारचा निर्बंध मी मुद्दाम सांगितला, कारण ज्या भयातून तो जन्मला ते भय आपल्याकडेही अनाठायी नाही. मुंबईच्या कूपरेजवरील रोव्हर्स चषक 1891 साली सुरू झाला. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला तेव्हा प्रथमच हिंदी संघाच्या हाती तो चषक आला, आणि 1950 पासून ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो आपल्याकडे राखला. अशी ही स्पर्धा या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली, आणि नेमक्या त्याच काळात उपग्रह वाहिन्यांवरून मँचेस्टर आणि लिव्हरपूल आपल्या घराघरांत शिरत होते. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे ठामपणे म्हणण्यास मी धजत नाही. परंतु एकीची हळहळ न करता दुसरीचा आनंद मानणे मला कधीच जमले नाही.

तरीही पडद्याला शत्रू ठरविण्यास मी तयार नाही, आणि येथे पुन्हा अमेरिकेचाच दाखला उपयोगी पडतो. 1996 साली दहा संघांनिशी सुरू झालेली तेथील देशी साखळी स्पर्धा, इंग्लिश फुटबॉलचा प्रेक्षक वाढत असतानाच, 2025 मध्ये तीस संघांपर्यंत पोहोचली. पडद्यावर पाहून ज्याची दृष्टी तयार झाली तो आपल्या गावच्या मैदानावरही जाऊ लागतो. मात्र गावचे मैदान त्याला कोणीतरी दाखविले पाहिजे. मुंबई सिटी या संघाचे बहुसंख्य समभाग 2019 साली मँचेस्टर सिटीच्याच मालकसमूहाने घेतले, यावरून एवढे तरी उघड आहे की या मातीत प्रेक्षक आहे हे परक्यांना कळून चुकले आहे.

आणि तो आहे हे सिद्ध करण्यास कोल्हापूर पुरेसे आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब या संघांची नावे उच्चारताच तेथील पेठांत आवाज चढतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलला आश्रय द्यावा आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठेपेठेची माणसे दाटीवाटीने बसावीत, असे दृश्य महाराष्ट्रात अन्यत्र नाही. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतातर्फे खेळला. ज्या स्पर्धेत इंग्लंड विजयी झाले आणि फिल फोडेन सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला ती हीच. फोडेनचा प्रत्येक स्पर्श आज रत्नागिरीच्या मुलास तोंडपाठ आहे. अनिकेत ज्या गल्ल्यांतून वर आला त्यांचे वर्णन त्या मुलाने किती वेळा ऐकले असेल?

आपला खेळ आपल्याच माणसांना कसा दाखवावा, हा प्रश्न कबड्डीने आपल्या परीने सोडविला. 26 जुलै 2014 रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. गाद्या अंथरल्या गेल्या, चढाईला तीस सेकंदांची मर्यादा पडली, आणि लालबाग-परळच्या चाळींतील कोकणी चाकरमान्यांनी ज्या खेळावर पिढ्यान् पिढ्या जीव लावला तो खेळ रोज रात्री ठरल्या वेळी देशभर दिसू लागला. जुन्या जाणत्यांना त्यातील झगमगाट खटकला, आणि त्यांची तक्रार मी आदराने ऐकतो. पण ठरलेली वेळ, सलग प्रक्षेपण आणि नियम सांगणारी वाणी या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणूनच तो प्रेक्षक आला, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या भाषेत ही वाणी नव्हती असे कोणी म्हणू नये. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे मराठी धावते वर्णन केले तेव्हा ज्यांनी आयुष्यात बॅट हाती धरली नव्हती अशी माणसेही रेडिओभोवती बसून क्षेत्ररचना समजून घेत होती, आणि वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खो-खो, कबड्डी, कुस्ती यांना क्रिकेटच्या बरोबरीने जागा देऊन मराठी वाचकाला खेळाकडे गंभीरपणे पाहण्यास शिकविले. त्यांनी घडविलेला वाचक व श्रोता हीच आपली खरी इस्टेट आहे, आणि आपण तिची पुरेशी मशागत केलेली नाही, हे मला आज येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

म्हणून उद्याच्या कामकाजासाठी मी एक ठराव आपल्यापुढे ठेवतो. पुढील हंगामात कोल्हापूरच्या साखळी सामन्यांचे आणि कोकणातील जिल्हा कबड्डी स्पर्धांचे मराठी धावते वर्णन ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकही सामना न वगळता ऐकविण्याची योजना आपण आखावी. आकाशवाणीच्या कोल्हापूर व रत्नागिरी केंद्रांकडे त्याविषयी रीतसर अर्ज करावा. आणि 1927 च्या त्या नकाशाप्रमाणे मैदानाचे, संघांचे व नियमांचे एक पानी टिपण प्रत्येक सामन्याआधी स्थानिक वृत्तपत्रांत छापून आणावे. टिपणे लिहिण्याचे काम पहिल्या वर्षी मी स्वतःकडे घेतो. वर्णनासाठी आवाज हवे आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी आजची सभा आटोपताच चिटणिसांकडे नावे नोंदवावीत.