महालक्ष्मीचे पान आणि सहा वर्षांचा नातू

(मंदिर जीर्णोद्धाराच्या निमित्ताने माता-भगिनींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाच्या कळसाविषयी आणि जमाखर्चाविषयी बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. आजचा विषय त्या मानाने लहान, चुलीजवळचा आहे. भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात. अनुराधा नक्षत्रावर त्या घरात येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. मधल्या दिवसाच्या त्या जेवणात दूध, दही, ताक, तूप यांपैकी काहीच नसले तर ते पान पुरे होते काय, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. ज्या घरात तो उभा राहतो त्या घराला विचारावे.

बोरीतले एक घर डोळ्यांपुढे आणू. नाव घेण्याचे प्रयोजन नाही. अडाणच्या काठावर अशी घरे पुष्कळ आहेत. घरात सत्तरी उलटलेली आजी, शेती पाहणारा थोरला मुलगा, घर सांभाळणारी थोरली सून. धाकटा मुलगा पोटापाण्यासाठी पुण्याला. दिवाळीला सुटी मिळो न मिळो, महालक्ष्मीला तो बायको-मुलांसह गावी येणारच. श्रावणात त्याचा फोन आला, की सहा वर्षांच्या मुलाला दूध चालत नाही. दोनदा अंगावर गांध्या उठल्या, एकदा श्वास लागला, डॉक्टरांनी तपासण्या करून दुधाचे सर्व पदार्थ बंद केले आहेत.

आजीने प्रथम विचारले, म्हशीचे बाधत असेल तर गाईचे द्यावे, गाईचे बाधत असेल तर शेळीचे. यातही नाही, त्यातही नाही, असे उत्तर आले. हे थोडे समजून घ्यावयास हवे, कारण गावात दोन दुखण्यांची नेहमी गल्लत होते. काही माणसांना दुधातली साखर पचत नाही. त्यांचे पोट फुगते, जुलाब होतात. पण दही-ताक त्यांना बहुधा सोसते. दुसरे दुखणे वेगळे. त्यात दुधातील प्रथिनांनाच शरीर शत्रू समजते. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातील प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असल्याने जनावर बदलून उपयोग होत नाही. तुपातसुद्धा त्यांचा अंश राहू शकतो. असे पुष्कळ मुलांचे वाढत्या वयाबरोबर बरे होते, परंतु ते केव्हा झाले हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. थोडेसे चाटवून पाहू, ही परीक्षा घरात कोणी घेऊ नये.

फोन ठेवल्यावर घरात दोन मते झाली. थोरला मुलगा म्हणाला, पोराचे पान वेगळे करा, बाकीचा स्वयंपाक नेहमीसारखा होऊ द्या. आजीलाही आधी तेच पटले. "तुपाबिगर पोयी? मंग महालक्ष्मी उपाशी जाईन न व माय!" असे ती म्हणाली. थोरली सून थोडा वेळ गप्प राहिली आणि मग बोलली, "आत्याबाई, पोरगं पंगतीत बसलं अन् सारे खातात ते त्याच्या पानात नाई, तं तुमच्या घशाखाली घास उतरन का?"

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच सुनेला कागद घेऊन बसायला सांगितले.

मागच्या वर्षीचा सगळा स्वयंपाक एका बाजूला लिहून काढला, तेव्हा नवल दिसून आले. पुरणाची पोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, धोप्याच्या पानाची पातळ भाजी, भजी-वडे, पाच चटण्या-कोशिंबिरी, गव्हल्याची खीर, आंबील, कढी, भात-वरण, फुलोरा. एवढ्या मोठ्या यादीत दुधाचे घर किती ठिकाणी? खिरीत, कढीत, आंबिलीतल्या ताकात, दोन कोशिंबिरींच्या दह्यात आणि वरून वाढायच्या तुपात. बाकी सगळे शेतातले आणि वाण्याकडचे. म्हणजे नवीन स्वयंपाक शोधायचा नव्हता. जुन्यातल्या पाच जागा भरायच्या होत्या.

बाहेर या आहाराचा हल्ली बराच बोलबाला आहे. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध-अंडीही वर्ज्य करणाऱ्यांची संस्था काढली आणि 'व्हीगन' हा शब्द रूढ केला. पण आपल्याला इतक्या दूर जाण्याची गरज नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले होते. पुढे मोठ्या आजारात, १९१९ च्या सुमारास, डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. प्रतिज्ञा गाई-म्हशीच्या दुधाची होती, शेळीच्या कुठे, असे कस्तुरबांनी सुचविले आणि शेळीचे दूध सुरू झाले. ती तडजोड त्यांना टोचत राहिली, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिले आहे. या नातवापुढे मात्र तेवढीही पळवाट नव्हती.

आता स्वयंपाकाकडे वळू. माणसे चोवीस, त्यांत सात मुले. पोळ्या साठ धरल्या. त्यासाठी चण्याची डाळ दीड किलो, गूळ दीड किलोला थोडा कमी, कणीक दीड किलो. डाळ बोटचेपी शिजली की कट निथळून घ्यायचा, गूळ घालून पुरण आटवायचे आणि उलथने उभे राहिले की उतरवायचे. वेलची-जायफळ नेहमीप्रमाणे. कणीक तेलाच्या हाताने मळून दोन तास मुरू द्यावी म्हणजे पोळी फुटत नाही. पोळ्या फल्लीच्या तेलावर भाजायच्या ठरल्या. तुपाच्या वाटीच्या जागी गुळवणी आली: पाण्यात गूळ, सुंठ, वेलची आणि चिमूटभर मीठ. पोळी तिच्यात बुडवून खावी. तुपाची सर तिला येत नाही, हे कबूल केलेले बरे. परंतु गोडावर गोड असूनही सुंठेमुळे ती जड होत नाही.

तुपाऐवजी डब्यातले वनस्पती तूप आणावे, असे थोरल्या मुलाने सुचविले होते. सुनेने ते मानले नाही आणि योग्यच केले. त्या तुपातली घातक चरबी हृदयाला अपायकारक, म्हणूनच जानेवारी २०२२ पासून सरकारने तिचे प्रमाण शेकडा दोनवर आणले. घरचे फल्लीचे तेल असताना डबा विकत आणण्याचे कारणच काय? मात्र फल्ली घालण्याआधी सुनेने पुण्याला फोन करून शेंगदाणा मुलाला सोसतो ना, हे विचारून घेतले. काहींना तोही बाधतो.

खिरीला पाच नारळ लागले. खोबरे वाटून पहिले दाट दूध वेगळे ठेवले, दुसऱ्या पातळ दुधात गव्हले शिजविले, गूळ घातला आणि शेवटी मंद आचेवर दाट दूध ओतले. दाट दूध घातल्यावर खळखळ उकळी आणली तर ते फाटते. आपल्याकडे नारळाचा सराव कमी, म्हणून हे सांगितले.

आंबिलीचा प्रश्न आजीने सोडविला. तिच्या लहानपणी ताक नसेल त्या वर्षी ज्वारीचे पीठ आदल्या रात्री नुसत्या पाण्यात आंबत घालीत, सकाळपर्यंत ते आपोआप आंबट होई. तसेच केले. कढीच्या जागी चिंचेचे सार आले आणि भाताच्या जागी गोळाभात. चण्याच्या भरड डाळीचे गोळे भातात वाफवायचे, वाढताना कुस्करून वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओतायची. हा आपला वऱ्हाडातला जुना पदार्थ, त्यात दुधाचा थेंबही नसतो. डाळ आणि धान्य एकत्र आल्याने एकाच्या प्रथिनातील उणीव दुसरे भरून काढते, तीळ आणि पालेभाजी यांतून चुना मिळतो. एवढे असूनही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जो कायमचे दूध सोडतो त्याला ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. एका दिवसाच्या जेवणाने काही बिघडत नाही.

खरी अडचण आली ती सोळा भाज्यांची. ऐकून कोणी हसेल, कारण भाज्यांत दूध कुठे असते? पण आजीच्या तरुणपणी या सोळांपैकी निम्म्या विकत आणाव्या लागत नसत. कपाशीच्या तासात बरबटी, अंबाडी, भेंडी असे, धुऱ्यावर वालाचे वेल आणि दोडके, परसात कोहळे आणि धोपा. आता सोयाबीन आणि कपाशीत तणनाशक फवारले जाते, ते अंबाडी आणि तण यांत भेद करीत नाही. म्हणून पाव-पाव किलोच्या सोळा भाज्या, चार किलोचा ऐवज, गोळा करायला थोरल्या मुलाला आठवडी बाजार आणि वर दारव्ह्याची एक खेप करावी लागली. भेंडी, गवार, बरबटी, दोडके, कारले, पडवळ, ढेमसे, कोहळे, वांगे, काकडी, आलू, वालाच्या शेंगा, माठ, शेपू असे चौदापर्यंत जमले. कटुले कसेबसे पावभर मिळाले. सोळावी अंबाडी.

अंबाडी शेजारच्या धुऱ्यावर होती. मजूरबाई ती तोडून आणायला निघाली, तेव्हा आजीने तिला थांबविले आणि त्या कपाशीवर फवारा केव्हा झाला ते विचारून येण्यास सांगितले. चार दिवसांपूर्वी झाला होता. ती अंबाडी तोडली नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे या सभेत कोणाला सांगावयास नको. लेकराला दुधापासून जपायचे आणि त्याच पानात विषाचा पाला वाढायचा, हे त्या म्हातारीला मंजूर नव्हते. सोळावी भाजी म्हणून परसातली चार पाने धोपा मिसळला.

नैवेद्याविषयी गुरुजींना आधीच विचारून ठेवले होते. घरात जे शिजते त्याचाच नैवेद्य, असे ते म्हणाले आणि दिवा तिळाच्या तेलाचा लावावा हेही त्यांनीच सुचविले. पंचामृत मात्र पूजेपुरते एका वाटीत राहिले. ते तीर्थ देताना मुलाची आई त्याला घेऊन पडवीत थांबली. सवाष्णींना आमंत्रण देतानाच सांगितले, की पेढे-बर्फी आणू नये. पाकिटातल्या फराळाचे मागचे छापील वाचावे लागते. दूध असल्यास तसे छापणे कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे, तरी ती बारीक अक्षरे चष्म्याशिवाय कोण वाचतो? तवा, उलथने आणि पळ्या आदल्या दिवशी राखेने घासून वेगळ्या ठेवल्या.

पंगत दुपारी दीडला बसली. गोळाभात सर्वांना आवडला, आंबील दोनदा मागितली गेली. खीर थोडी पातळ झाली होती. सुनेचे सासरे हयात नाहीत, पण चुलतसासरे पंगतीत होते. पोळी वाढताच त्यांनी हाक दिली, "तूप आना रे!" माजघरात एकदम शांत झाले. आजी स्वतः उठली, गुळवणीचे भांडे घेऊन त्यांच्या पानापाशी गेली आणि म्हणाली, "भाऊजी, औंदा आपल्या घरी हेच तूप हाय." त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या नातवाकडे पाहिले, वाटी पुढे केली आणि पुढे काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर मात्र ओसरीवर सुपारी कातरताना, तुपाची गोष्टच वेगळी, असे त्यांनी दोनदा बोलून दाखविले. ते खोटे म्हणता येणार नाही.

नातवाने अडीच पोळ्या खाल्ल्या. त्याने सगळ्यांत आधी विचारले ते हे, की माझे ताट कोणते? आजीने सांगितले, कोणतेही घे.

मूळ नक्षत्राच्या दिवशी पुन्हा अडचण उभी राहिली. महालक्ष्म्यांना निरोप देताना त्या घरी दहीभाताची शिदोरी देण्याची चाल, आणि पुण्याची मंडळी संध्याकाळच्या गाडीने निघणार होती. सून आजीकडे पाहू लागली. आजीने परसात जाऊन दोन लिंबे तोडून आणली, भातावर पिळली, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि शिदोरीचे दोन डबे भरायला सांगितले. एक महालक्ष्मीपुढे ठेवला, दुसरा नातवाच्या पिशवीत.