परदेशगमनाचे बदलते निर्बंध आणि आपली मुले
(वालूर येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी हा विषय मला दिला तेव्हा मी त्यांस म्हणालो, की मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. अमेरिकेच्या कायद्यावर मी काय बोलणार? ते म्हणाले, ‘गुरुजी, कायदा वकिलांना कळो न कळो, कर्जाचा हप्ता आपल्या घरी येतो.’ हे उत्तर मला निरुत्तर करणारे वाटले, म्हणून उभा आहे. विषय आजच्या सायंकाळच्या बैठकीशीही निगडित आहे. तिकडे शेवटी वळेन.

आपली चक्राकार बारव पाहावयास हल्ली लांबलांबचे लोक वालूरला येतात, आणि वालूरची मुले त्याहून लांब जातात. आमच्या वडिलांच्या पिढीस सेलूच्या स्टेशनावर गाडी धरून हैदराबादेस पोहोचणे हेच परदेशगमन वाटे. आज ज्या घरी बाप कोरडवाहू सोयाबीन करतो त्या घरचा मुलगा टेक्सासात संगणकाचे काम करतो, आणि याचे कोणास आश्चर्यही वाटत नाही. हा ओघ आपोआप लागला नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली आणि अभियंता होणे ही मूठभर घरांची मिरास राहिली नाही. पुढे अमेरिकेने १९९० साली कायदा करून कुशल परदेशी मनुष्यास तात्पुरत्या नोकरीसाठी दरवर्षी ६५ हजार परवाने ठेवले. एच-वन-बी तो हाच. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामास माणसे पुरेनात, तेव्हा हीच मर्यादा २००१ ते २००३ या वर्षांसाठी १ लाख ९५ हजारांवर नेली गेली. २००४ साली ती पुन्हा ६५ हजारांवर आली. तेथील उच्च पदवी घेणाऱ्यांसाठी मागाहून आणखी २० हजारांची सोय झाली. यांपैकी बहुसंख्य परवाने भारतीयांच्याच वाट्यास येत आले आहेत. जागांहून अर्ज अधिक झाले की सोडत निघते. २०२३ साली साडेसात लाखांहून अधिक नोंदी झाल्या होत्या. अर्थात त्यांत एकाच उमेदवाराच्या नावे अनेक नोंदी करण्याची चलाखीही पुष्कळ होती, हे आपण मान्य केले पाहिजे.

येथे मी एक अप्रिय गोष्ट बोलणार आहे. अमेरिकेने निर्बंध कडक केले म्हणून आपल्याकडे जो संताप चालला आहे, तो सर्वस्वी न्याय्य आहे असे मला वाटत नाही. आपण सारे जुन्या हैदराबाद संस्थानची लेकरे. तेथे १९१९ सालापासून मुलकी नियम होता. संस्थानात जन्मलेला, अथवा पंधरा वर्षे कायम राहून परत न जाण्याचे लिहून देणारा, तोच मुलकी. सरकारी नोकरीवर पहिला हक्क त्याचा. बाहेरचे शिकलेले लोक येऊन कचेऱ्या बळकावतात, ही त्या काळची तक्रार आपल्या वाडवडिलांनीही केलेली आहे. मग तेथील कामगार जेव्हा म्हणतो, की मला काढले आणि काढण्यापूर्वी माझ्या जागी येणाऱ्या स्वस्त माणसास मलाच शिकवावयास लावले, तेव्हा त्याचे म्हणणे आपण तरी हसण्यावारी नेऊ नये. दार किती उघडावे हे घरमालक ठरवितो.

परंतु दार बंद करणे निराळे, आणि पाहुणा ओसरीवर आल्यावर उंबरठा उंच करणे निराळे. माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या गोष्टीविषयी. आणि ही तक्रार आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने ती न्यायालयात मांडली व जिंकली.

त्यांचे नाव सखाराम गणेश पंडित. नाव ऐकूनच आपल्याला शेजारघरचे वाटावे. हे गृहस्थ १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले आणि कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. त्या काळी नागरिकत्वाचा कायदा ‘गोऱ्या’ मनुष्याची अट घालीत असे, आणि हिंदी मनुष्य त्यात बसतो की नाही याविषयी निरनिराळी न्यायालये निरनिराळे बोलत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंद यांचा खटला वरिष्ठ न्यायालयात गेला. पंडित हेच त्यांचे वकील होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल विरुद्ध लागला: हिंदी मनुष्य गोरा नव्हे, सबब नागरिक होण्यास अपात्र. तेथील सरकारने मग मागे वळून पाहिले आणि जे पूर्वीच नागरिक होऊन चुकले होते त्यांचीही नागरिकत्वे काढून घेण्याचे दावे लावले. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई यांचे नागरिकत्व असेच गेले. १९२८ साली त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. पंडितांवरही दावा झाला. त्यांचे उत्तर सरळ होते: तुमच्या न्यायालयाने मला नागरिक केले, त्या भरवशावर मी वकिली उभारली, मालमत्ता केली, संसार थाटला, तो भरवसा आता मागे कसा घेता? १९२६ साली अपील न्यायालयाने मान्य केले, की जो हुकूम सरकारने वेळीच अपील न करता मान्य केला तो आता उकरता येणार नाही. १९२७ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले, आणि असे दावे थांबले. नव्या हिंदी माणसास मात्र दार बंदच राहिले. १९४६ च्या कायद्याने वर्षाला अवघी शंभर माणसे घेण्याचे ठरले, आणि खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने.

विलायतेतही असेच घडले. तेथे २००२ साली कुशल मनुष्यांसाठी एक योजना निघाली. कित्येक भारतीय डॉक्टर व अभियंते घरदार हलवून गेले. २००६ च्या नोव्हेंबरात अटी बदलल्या व आलेल्यांनाच नव्या मापाने मोजू लागले. त्यांनी संघ स्थापून फिर्याद केली, आणि एप्रिल २००८ मध्ये न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला: ज्या बोलीवर बोलाविले ती बोली पाळा. ही दोन्ही उदाहरणे आपल्या शाळांत शिकवावीत अशी आहेत. कोणत्या पाठ्यपुस्तकात मी ती पाहिली नाहीत.

आता आजची स्थिती पाहू. एच-वन-बीचा परवाना मालकाच्या अर्जावर मिळतो. म्हणजे मुलाच्या हाती नोकरी असेतो पाय जमिनीवर. नोकरी सुटली तर २०१७ पासून साठ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात दुसरा मालक मिळाला नाही तर गाशा गुंडाळणे प्राप्त. कायम वास्तव्याचे जे हिरवे कार्ड, त्यासाठी नोकरीच्या मार्गाने वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार जागा, बायकामुले धरून. आणि कोणत्याही एका देशास त्यांतील सात टक्क्यांहून अधिक सहसा नाहीत. आइसलंडलाही सात टक्के आणि आपल्या दीडशे कोटींच्या देशासही सात टक्के! परिणामी भारतीयाची रांग दशकांची झाली आहे. रांगेत असताना मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बापाच्या अर्जातून त्याचे नाव गळण्याचा संभव. मग तेथेच वाढलेल्या त्या मुलास, ज्यास मराठी धड येत नाही, स्वतःचा वेगळा परवाना शोधावा लागतो. हे सारे कायद्याने गेलेले, कर भरणारे, रांग न मोडणारे लोक आहेत, हे विशेष. चोरवाटेने जाणाऱ्याची कथा वेगळी. तिची येथे भेसळ करू नये.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी फर्मान काढले, की बारा महिनेपर्यंत नव्या एच-वन-बी अर्जामागे मालकाने एक लाख डॉलर भरावे. आपल्या पैशात तेव्हा ते ८८ लाखांच्या आसपास गेले. अंमल २१ तारखेपासून. त्या दोन दिवसांत मोठमोठ्या कंपन्यांनी परदेशी गेलेल्या नोकरांस ताबडतोब परत या असे कळविले. दिवाळीस येऊ पाहणाऱ्यांनी तिकिटे रद्द केली. नंतर खुलासे आले: जुन्या परवानाधारकांस हे लागू नाही, तेथेच शिकून परवाना बदलणाऱ्यांसही नाही, हे तर २० ऑक्टोबरला कळले. तोपर्यंत महिना कसा गेला हे या मंडपात बसलेल्या दोघातिघा आईबापांस विचारा. डिसेंबरात आणखी नियम आला, की सोडतीत अधिक पगारवाल्याचे पारडे जड राहील. म्हणजे नुकताच शिकून बाहेर पडलेला आपला मुलगा मागे. त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून समाजमाध्यमांवरील लिखाण तपासावयाचे ठरले आणि ठरलेल्या मुलाखती महिनोन् महिने पुढे गेल्या. लग्नाकार्यास आलेली नोकरदार मुले इकडेच अडकली. विलायतेने कुशल परवान्यासाठी पगाराची किमान अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर, व जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर नेली. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या संख्येस मर्यादा घातली. तात्पर्य, अमेरिका नाही तर कॅनडा, ही आपली आवडती पळवाटही अरुंद झाली आहे.

गृहस्थहो, आता हिशेब करू; मास्तराचा हा एवढाच अधिकार. चाळीस लाखांचे कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता पंचावन्न हजारांच्या घरात जातो. तेथील पगारात तो जड नाही. मुलगा परत आला तर पुण्यातील नवख्या अभियंत्याचा सबंध पगार घालूनही तो भागणे कठीण. कर्ज काढताना घरची मंडळी गृहीत धरतात, की शिक्षणानंतर तीन वर्षे कामाची मुभा आहे, तेवढ्यात सोडतीत नाव निघेलच. पण ही तीन वर्षेही विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांस २०१६ च्या नियमाने मिळालेली आहेत, कायद्याच्या कलमाने नव्हे. जे नियमाने मिळाले ते नियमाने जाऊ शकते. कर्जाची मुदत दहा वर्षांची, आणि ज्याच्या भरवशावर ते काढले त्या नियमाची मुदत एका रात्रीची. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी पाच एकर ओलिताची जमीन गहाण टाकली. मुलगा हुशार, दोन वेळा सोडतीत नाव निघाले नाही. आता फोनवर बाप विचारीत नाही आणि मुलगा सांगत नाही. मुलीच्या बापांनीही स्थळ पाहताना ‘कार्ड आहे का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. रांगेतील जावई हा काही कमी प्रतीचा जावई नव्हे, आणि परत आलेला तर मुळीच नव्हे. परत आलेल्याकडे ‘काय झाले हो?’ म्हणून रोखून पाहण्याची आपल्या गावांत जी रीत पडली आहे, ती मला किळसवाणी वाटते.

शेवटी सायंकाळच्या ठरावाविषयी. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून परदेशी शिक्षणास बिनव्याजी रक्कम दोन हप्त्यांत दिली जाते. ठराव असा आहे, की बदललेली स्थिती पाहता ही मदत बंद करावी, व ज्या दोघा विद्यार्थ्यांस पहिला हप्ता मिळाला आहे त्यांचा दुसरा हप्ताही थांबवावा. ठरावाचा पहिला भाग मला अर्धा मान्य आहे. नव्या अर्जदारास अट घालावी: जेवढे कर्ज इकडच्या पगारात फिटेल तेवढ्याच खर्चाचे शिक्षण, आणि जमीन गहाण टाकणाऱ्यास निधीचा एक पैसा नाही. तसे शिक्षण जर्मनीसारख्या देशात, जेथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही, मिळू शकते; त्यासाठी भाषा शिकावी लागेल, ती शिकावी. पण दुसऱ्या भागास माझा स्पष्ट विरोध आहे. ती दोन मुले आपल्या छापील नियमांवर विसंबून गेली आहेत. एक मुलगी आहे, तिच्या आईने शिवणकाम करून तिला शिकविले. वॉशिंग्टनने केले ते वालूरने करावे काय? जुन्या अर्जदारास पदवी पूर्ण होईतो जुनाच नियम लागू राहील, अशी उपसूचना मी लेखी दिली आहे. तीस अनुमोदक हवा आहे. दुसऱ्या हप्त्याची रक्कम निधीत शिल्लक आहे, हे खजिनदारांनी मला वही उघडून दाखविले आहे.