जिमखाना : घरचा की परका?

वर्ध्याला आमच्या कॉलेजात फीच्या पावतीवर ‘जिमखाना’ अशी एक बाब असते. मागच्या बैठकीत एका सहकाऱ्यांनी सूचना आणली की, हा इंग्रजी शब्द काढून ‘क्रीडाविभाग’ लिहावे. मी म्हटलं, काढायचा तर खुशाल काढा. पण परका म्हणून काढू नका. असं का म्हटलं, ते तुम्हांलाही सांगतो.

शब्दाचा उत्तरार्ध तर आपल्या ओसरीवरचाच. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांतला हा फारसी ‘खाना’, म्हणजे घर, मराठीत केव्हाचाच नांदतो आहे. घोटाळा आहे तो ‘जिम’चा. तुम्ही म्हणाल, जिम्नॅस्टिक्समधला जिम, त्यात कोडं कसलं? पण यूल आणि बर्नेल यांनी 1886 साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यात निराळंच सांगितलं आहे. साहेब लोक रॅकेट खेळत त्या जागेला इथली माणसं ‘गेंदखाना’, चेंडूचं घर, म्हणत. या गेंदावर साहेबाच्या ओळखीच्या ‘जिम’चं कलम बसलं असावं. शब्द घडला मुंबई इलाख्यात, असा त्यांचा समज. पहिला वापर मात्र त्यांना सापडला तो 1861 सालचा, रुडकीचा. कोशकार ‘बहुधा’ म्हणतात, तेव्हा मीही बहुधाच म्हणतो.

गेंद म्हणजे काय, हे राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या गावात सांगायला नको. ‘जिम’च्या मुळाशी मात्र ग्रीक भाषेतला ‘नग्न’ हा शब्द आहे, कारण ते लोक उघड्यानेच व्यायाम करीत. आमच्या आखाड्यात निदान लंगोट तरी असतो!

आता यातली बोच पाहा. 1875 साली मुंबई जिमखाना निघाला, तो गोऱ्यांसाठी. नावात निम्मं घर आपलं, आणि सभासद व्हायला आपल्यालाच मज्जाव! मग पारशी, हिंदू, मुसलमान यांनी आपापले जिमखाने काढले. पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखाना झाला, आणि पुढे त्या भागालाच ते नाव पडलं.

शब्द विलायतेला गेला आणि तिथे जागेचा अर्थ गळाला, शर्यतीचा उरला. तिथल्या खेड्यांत ‘जिमखाना’ म्हणजे तट्टांवर बसून मुलांनी खेळायच्या चढाओढी. आमची पावती तिथल्या पोराला दाखवली, तर ते तट्टू कुठे आहे म्हणून विचारील.

सूचना पुढच्या बैठकीवर ढकलली आहे. पावत्या तूर्त जुन्याच फाडतात.