पित्त, अपचन आणि बारा बोटांचे आतडे



मी वैद्य नव्हे. कचेरीतील कारकुनीत माझे आयुष्य गेले. तरीही हा विषय निवडला, कारण समाराधनेच्या पंगतीवरून उठताच आपल्यापैकी कितीतरी जण खिशातली गोळी चाचपतात. निदान सर्वांचे एकच : 'पित्त झाले!'

जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागास आद्यांत्र म्हणतात. त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी, म्हणून ग्रीक वैद्य हीरोफिलस याने त्यास तसेच नाव दिले. पोर्तुगीज 'दुओदेनु' हा शब्द त्याच कुळातला. या भागास दाह झाला म्हणजे पोटाच्या वरच्या भागात दुखते, जळजळते, मळमळते. परंतु जठराच्या व्रणातही हेच होते. आणि अपचनाच्या बहुसंख्य रोग्यांत तर तपासणीअंती कोणतीच विकृती आढळत नाही. उलटपक्षी, दाह असूनही कसलाच त्रास नसणारी माणसे आहेत. तेव्हा लक्षणांवरून आद्यांत्रदाह ठरविता येत नाही. आत डोकावूनच पाहावे लागते.

ती सोय १९५७ साली अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी सिद्ध केलेल्या लवचीक दुर्बिणीमुळे झाली. एन्डोस्कोपीत अस्तरावरची लाली, सूज, खरचटल्यासारखे व्रण दिसतात. मात्र नुसती लाली फसवी असते. अस्तराचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला म्हणजे खात्री पटते.

पुढचा प्रश्न कारणाचा. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्शल व वॉरन यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू वाढवून दाखविला. २००५ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच लाभले. हा जंतू श्वासाच्या वा शौचाच्या तपासणीतूनही सापडतो. पण ओमेप्राझोलसारख्या आम्लरोधक गोळ्या चालू असल्यास तो दडून राहतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. आपण तर त्या वाण्याकडच्या साखरेसारख्या आणतो!

दुसरे कारण गुडघेदुखीच्या गोळ्या व अ‍ॅस्पिरिन. ज्येष्ठ मंडळी डॉक्टरांपाशी नेमक्या याच गोळ्यांचा उल्लेख टाळतात. घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये.

अमेरिका व कॅनडातील तज्ज्ञांनी २०१७ साली साठी गाठलेल्यांच्या अपचनास एन्डोस्कोपी सुचविली. या सभामंडपातील निम्मेअधिक त्यात बसतील. डांबरासारखे काळे शौच, वारंवार वांती, गिळण्यास अडथळा वा अकारण घटलेले वजन असल्यास कोणत्याही वयात विलंब नको. तपासणीस काही तास उपाशी राहावे लागते खरे; एकादशी करणाऱ्यांस ते जड जाऊ नये.