एसटीची पहिली पायरी



संयोजकांनी तुम्हा माढेकरांसाठी छान हाताच्या खुर्च्या मांडल्यात आणि माझी पंचाईत करून ठेवलीय. मला हव्या होत्या बिनहाताच्या. असू द्या. खुर्चीला हात नाहीतच असं समजा. आपले दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवा, तळपाय जमिनीला पूर्ण टेकवा. आता पाच वेळा ताठ उभं राहायचं आणि पाच वेळा बसायचं. ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचं नुकतं ऑपरेशन झालंय, त्यांनी नुसतं बघावं. प्लास्टिकची खुर्ची मागं सरकते, तेव्हा मागच्यानं पुढच्याची खुर्ची धरून ठेवा. मी घड्याळ लावतो.

झालं? चौदा सेकंदांच्या आत कोणाकोणाचं झालं? बरेच हात वर आले. काही हात शेजाऱ्याचा वर गेला म्हणून गेलेत, तेही मी पाहिलं.

हा चौदा सेकंदांचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीला म्हाताऱ्या माणसाची ताकद पटकन पारखता यावी म्हणून त्यांनी ज्या साध्या चाचण्या सांगितल्या, त्यातली ही एक. बाकीच्याही अशाच. तीन शब्द सांगून थोड्या वेळानं विचारायचे, तीन महिन्यांत तीन किलोपेक्षा जास्त वजन आपोआप उतरलं का ते पाहायचं, कानाशी कुजबुजून ऐकू येतं का बघायचं. यंत्र नाही, रक्त नाही, रिपोर्ट नाही. आणि म्हणूनच आपल्याला ती तपासणी वाटत नाही. पाचशे रुपये मोजल्याशिवाय तपासणी झाल्यासारखं वाटत नाही आपल्याला.

मघाशी मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “आमाला कशाला मोजताय, आमी खुरपायला जातो.” आजी, तुमचंच मोजायला पाहिजे. का, ते माझ्या आईवरून सांगतो.

आमचं घर माळवदाचं. मधल्या सोप्यात लाकडी मेढी. आई आयुष्यभर जमिनीवर बसली, जमिनीवर जेवली, ज्वारी काढायला उकिडवी बसून फडाच्या फड पुढं सरकली. पुढं कधीतरी ती मेढीशेजारी बसायला लागली. उठताना मेढीला धरायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. त्या मेढीला हाताच्या उंचीवर एका जागी तेलकट तकाकी आली होती. पाहुणे विचारायचे, इथं काय लावलंय? तीन वर्षांनी रात्री न्हाणीकडं जाताना ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. सगळ्यांना आम्ही सांगितलं, अचानक पडली. मी फिजिओथेरपी शिकलेला माणूस, मीसुद्धा ‘अचानक’ म्हणालो. मेढ तीन वर्षं नोंद ठेवत होती, वाचली कोणी नाही.

आता थोडं शास्त्र. वय वाढतं तसा स्नायू आटतो, पण सगळा सारखा आटत नाही. झटक्यात जोर लावणारे तंतू आधी जातात. ठेच लागली की पाय चटकन पुढं टाकून तोल सावरावा लागतो, त्याला हेच तंतू लागतात. म्हणून रोज पाच किलोमीटर चालणारा माणूसही पडतो. “मी रोज फिरतो” हे उत्तर मला दिवसातून चारदा ऐकायला मिळतं. फिरणं उत्तमच. पण सपाट रस्त्यानं फिरल्यानं मांडीत खुर्चीतून उठण्याचा जोर येत नाही. तो वेगळा कमवावा लागतो.

ब्राझीलच्या रिओ शहरात क्लॉडिओ अराउझो नावाचे डॉक्टर आहेत. त्यांनी जमिनीवर बसणं आणि उठणं याला दहा गुण ठेवले. बसताना पाच, उठताना पाच. हात, गुडघा, कोपर, जे टेकवाल त्याचा एकेक गुण वजा. तोल हलला तर अर्धा. एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या २,००२ माणसांची ही परीक्षा घेऊन त्यांच्यावर सुमारे सहा वर्षं नजर ठेवली. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. शून्य ते तीन गुण मिळवणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांपेक्षा पाच-सहा पटींनी जास्त निघालं. हे वाचून मला हसू आलं. आपल्याकडं हा पेपर प्रत्येक पंगतीला सोडवला जायचा. पण घाबरू नका, आणि उगाच छातीही फुगवू नका. मेढ धरली म्हणून माणूस मरत नाही. शरीरात आत काय काय ढिलं पडलंय, याची ती बाहेरची खूण. शिवाय ती माणसं खुर्चीत वाढलेली, आपण जमिनीवर वाढलेलो, तेव्हा त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावायचे नाहीत.

आपल्या माणसांचं मोजमाप झालंय का? झालंय. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. नुसते प्रश्न विचारले नाहीत, हाताची पकड मोजली, चालवून पाहिलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. तिथं पन्नाशीपुढच्या गावकऱ्यांना विचारलं होतं, तुमची तब्येत तुम्हाला कशी वाटते, कामं करताना किती अडतं? वय वाढलेल्यांत आणि बायकांत तक्रारी जास्त, शिकलेल्यांत कमी. आजी, बायकांत जास्त. म्हणून म्हटलं, तुमचं मोजायचं.

आणि मोजून करायचं काय? १९९० साली अमेरिकेत मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातली दहा माणसं घेतली. सरासरी वय नव्वद. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीनं वजन उचलून घेतलं. मांडीचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला. नव्वदीत! मी हा आकडा पेशंटच्या मुलांना सांगतो तेव्हा ते म्हणतात, “राहू द्या डॉक्टर, आता आराम करू द्या त्यांना.” या आरामानं जेवढी माणसं अंथरुणाला खिळवलीत, तेवढी दुखण्यानंही खिळवली नसतील. हे माझं मत, आकडेवारी मागू नका.

आता एसटी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. चांगलंच झालं. पण माढ्याच्या स्टँडवर जरा उभं राहून पाहा. तिकीट माफ, पायरी माफ नाही. एक हात दांडीला, एक पाय वर, आणि मागून कोणीतरी कमरेला रेटा देतोय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्य म्हणजे बिनआजाराचं वार्धक्य असं म्हटलेलंच नाही. ज्याला जे मोलाचं वाटतं ते त्याला करता येणं, ही क्षमता टिकवणं, असं म्हटलंय. आणि ती क्षमता नुसती माणसाच्या अंगात नसते. थोडी मांडीत असते, थोडी पायरीत. मांडीचा जोर वाढवा नाहीतर पायरीची उंची कमी करा. दोन्ही केलं तर म्हातारी लेकीकडं टेंभुर्णीला एकटी जाऊन येईल. आम्ही डॉक्टर मंडळी पायरी मोजत नाही, एसटीवाले मांडी मोजत नाहीत. म्हातारी घरी बसते.

आपल्याच तालुक्यात अरण आहे, सावता महाराजांचं. पंढरपूर इतकं जवळ, पण मळा सोडून महाराज वारीला गेले नाहीत आणि पांडुरंगच अरणला आला, अशी आपली श्रद्धा. मी त्यातून माझ्या धंद्यापुरता अर्थ काढतो, कीर्तनकारांनी माफ करावं. ज्याला येता येत नाही त्याच्याकडं आपण जायचं. गुडघ्याची तपासणी सोलापूरला आणि गुडघा माढ्यात, हे जमायचं नाही. ज्येष्ठ नागरिक संघानं एक बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. एक घड्याळ, एक वही. दर तीन महिन्यांनी नाव, तारीख, सेकंद. आकडा चांगला की वाईट याचं फार मनावर घ्यायचं नाही. मागच्या वेळी अकरा होता आणि आता सोळा झाला, तर मात्र विचारायचं, काय झालं? औषध बदललं का? जेवण कमी झालं का? घरात कोणी गेलं का?

आता चालण्याचं, आणि मग संपवतो. अमेरिकेत २०११ साली सुमारे ३४ हजार वृद्धांची माहिती एकत्र केली, तेव्हा चालण्याच्या नेहमीच्या वेगावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज बराचसा जुळला. सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे चार मीटरला पाच सेकंद, चालणाऱ्याला त्या वयाचं सरासरी आयुष्य, भरभर चालणाऱ्याला जास्त. यात एक अडचण आहे. मोजतायत असं कळलं की माणूस जोरात चालतो.

म्हणून मी एक लबाडी केलीय. सभागृहाच्या दाराशी खडूच्या दोन रेघा आहेत, बरोबर चार मीटर अंतरावर. तुम्ही संध्याकाळी त्यांच्यावरून चालत आत आलात, तेव्हा मी खांबाआड घड्याळ घेऊन बसलो होतो. पुढच्या तीन रांगांचे आकडे माझ्याकडं आहेत. ज्याला हवा त्यानं येऊन आपापला विचारावा. शेजाऱ्याचा सांगणार नाही.